गाडीला पाठ

कोणीतरी दंडाला धरून त्याला असा हिसका दिला की तो गालिच्याच्या गुंडाळीवर जाऊन आदळला. आणि ज्या जागी तो क्षणापूर्वी मान वर करून छताचे दिवे पाहत उभा होता, त्या जागेवरून ती पांढरी गाडी, लोण्यातून सुरी फिरावी तशी, सावकाश मागे सरकत गेली. गाडी मंचावर चढवणारा चालक दुसऱ्या बाजूच्या आरशात पाहत होता; त्याला काही कळलेच नाही. "ओ साहेब, बहिरे आहात की काय?" गालिचा अंथरणारा माणूस म्हणाला. त्याच्या हातात अजून साहेबाच्या कोटाची बाही होती. "केव्हाची मागे येतेय ती. एवढी चिवचिव करतेय!" साहेबाने हसून कोट झटकला, आभार मानले, काहीतरी विनोदही केला, पण तो शब्द त्याला लागला. चिवचिव! कंपनीत त्या आवाजाला सगळे 'झुळूक' म्हणत. तो आवाज घडवण्यात त्याने वर्षाहून अधिक काळ घालवला होता. तलम, बारीक, कोणाच्या अंगावर न येणारा, पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाताना जो सुटतो असे वाटते पण प्रत्यक्षात कधी सुटत नाही, तसला आवाज. आणि गालिचे अंथरणाऱ्या माणसाने त्याची चिमणी केली. हा अपमान पुरता गिळून झाल्यावर, मंचाच्या पायऱ्या उतरता उतरता, दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्या माणसाने तो आवाज ऐकला होता. ज्याने तो घडवला त्याने ऐकला नव्हता.

कंपनीत त्याला 'कान' म्हणत. वरिष्ठ 'कानसाहेब' म्हणत, कारखान्यातली मंडळी नुसते 'कान' म्हणत, आणि दोन्ही हाका तो सारख्याच अभिमानाने घेत असे. तरुणपणी लांब पेचकसाचे पाते चालू इंजिनाला आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून तो आतले कोणते अंग दुखते आहे ते सांगायचा, आणि झाकण काढल्यावर दुखणे तिथेच सापडायचे. पुढे आयुष्यभर त्याने गाड्यांचा आवाज कमी करण्याची नोकरी केली: दारांची खडखड, पंख्याची घरघर, गिअर बदलतानाची ती एक निर्लज्ज कण्ह. मग इंजिनेच गेली. विजेवरच्या गाड्या आल्या, आणि त्या इतक्या मुकाट्याने चालू लागल्या की रस्त्यावरच्या माणसांच्या जिवावर बेतू लागले. तेव्हा कायदा झाला, की हळू चालताना अशा गाडीने स्वतःहून आवाज केला पाहिजे. ज्या माणसाने सारी हयात आवाज पुसण्यात घालवली, त्याला म्हातारपणाच्या तोंडावर सांगण्यात आले, की आता मुक्याला वाचा दे. या उलटापालटीत त्याला एक प्रकारचा न्याय वाटला होता. वस्तुतः तो आनंदला होता.

दालन अजून लोकांसाठी उघडले नव्हते. निरनिराळ्या देशांच्या कंपन्यांनी आपापल्या गाड्या मांडल्या होत्या आणि त्या सगळ्यांना एकच कल्पना सुचली होती: पान. पानाच्या आकाराचे फलक, पानाच्या रंगाचे दिवे, स्वागताला उभ्या राहणाऱ्या मुलींच्या खांद्यांवर पानाचे बिल्ले. प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या झाडाखाली उभी होती, आणि ती झाडे कुंड्यांसकट आदल्या दिवशी डिझेलच्या ट्रकांतून आणलेली त्याने स्वतः पाहिली होती. गालिचाही हिरवा होता. जाड, ओल्या शेवाळासारखा. त्यावरून चालताना स्वतःची पावले ऐकू येत नव्हती. तो थांबला. बुटाची टाच त्याने मुद्दाम घासून पाहिली, मग पुन्हा एकदा, जोरात.

कंपनीच्या चाचणीमार्गावर बारीक खडी होती. तिथे टायर कुरकुरत. कायद्याने सांगितलेली मोजणी यंत्र करीत असे, आणि यंत्राने मान्य केलेला आवाज मग त्याच्याकडे येई, कारण कंपनीचा असा नियम होता की शेवटचा शब्द माणसाच्या कानाचा. त्या वेळी 'पाठ देणे' असे. ही रीत त्यानेच पाडलेली. ज्याने आवाज घडवला त्याने डोळ्यांना पट्टी बांधून, गाडीकडे पाठ करून, मार्गाच्या मधोमध उभे राहायचे. मागून गाडी येऊ द्यायची. ऐकू आली की हात वर करायचा. ज्याचा आपल्या कामावर विश्वास आहे त्याने आपली पाठ जामीन ठेवावी, असे तो पहिल्या वेळी म्हणाला होता, आणि ते वाक्य कंपनीच्या पत्रिकेत त्याच्या छायाचित्राखाली छापून आले होते. या पांढऱ्या गाडीलाही त्याने पाठ दिली होती, अनेकदा, आणि हात दर वेळी वेळेवर वर गेला होता. तो कशाने वर गेला, हे त्याला आता, या शेवाळावर उभे असताना, कळत होते. खडी. टायरखालची खडी त्याला ऐकू येत होती. जाड, खालच्या पट्टीतला, प्रामाणिक आवाज. आणि तो आला की त्याचे मन त्यावर आपल्याजवळची झुळूक अंथरीत होते. हे त्याला इतके स्पष्टपणे दिसले की त्यावर विश्वास ठेवणे त्याने तत्काळ नाकारले. एका सकाळच्या बेसावधपणावरून एवढा मोठा सिद्धान्त उभारणे शहाण्या माणसाला शोभत नाही, असे त्याने स्वतःला बजावले. दिवे पाहत होतो. विचारात होतो. माणूस विचारात असतो.

पण युक्तिवादाची सवय असलेल्या मनाची एक पंचाईत असते: ते दुसऱ्या बाजूची साक्षही काढतेच. आज सकाळी तो आरशासमोर टाय बांधत होता आणि बायको आतून ओल्या हातांनी आली, त्याच्या आणि आरशाच्या मध्ये उभी राहिली, आणि म्हणाली, "अहो, येताना माझं औषध आणाल ना?" तो वैतागला होता. "तिथूनच सांगायचं की. हात पुसून तरी यायचं." "सांगितलं तिथूनच," ती म्हणाली, आणि त्याला ती थट्टा वाटली. आता त्याला तिचे येणे दिसले. फक्त आजचे नव्हे, कितीतरी दिवसांचे. ती हल्ली पाठीमागून बोलतच नव्हती. पुस्तक वाचत बसला तर पुस्तकाच्या वरच्या कडेशी तिचा चेहरा उगवायचा आणि मग बोलणे सुरू व्हायचे. जेवताना ती शेजारची खुर्ची सोडून समोरच्या खुर्चीत बसू लागली होती; त्याने कारण विचारले तेव्हा म्हणाली होती, "तुमचं तोंड बघायला. दुसरं काय बघण्यासारखं आहे या घरात?" दोघे हसले होते. ती एवढे सगळे मनात ठेवून हसली होती. एखाद्याने आपल्या आजाराची बातमी आपल्याआधी ऐकावी, आणि आपल्याला न कळवता तिच्याभोवती घराची रचना बदलत जावे, याइतके एकाकी करणारे दुसरे काही नसावे. त्याला तिचा राग आला. आणि त्या रागाला धरून ठेवावेसे वाटले, कारण राग होता तोवर भीतीला आत यायला जागा नव्हती.

मंचाच्या मागे प्लायवूडची एक खोली केलेली होती. तिथे त्याची सहायक बसली होती. विभागात सगळ्यांत लहान म्हणून तिला 'धाकटी' म्हणत, आणि आता तिच्याहून लहान दोघे आले तरी नाव तेच राहिले होते. ती गाडीच्या आवाजाची संगणकावरची प्रत तपासत होती. "गाडी वर चढली का, सर?" तिने विचारले, तिनेही मान पूर्ण वळवून, तोंड त्याच्याकडे करून विचारले, हे त्याने टिपले. त्याने दार लावून घेतले. "हेडफोन दे. मी डोळे मिटतो. तुझ्या मनाला येईल तेव्हा लाव. ऐकू आलं की मी हात वर करीन." ती काहीतरी म्हणणार होती, पण त्याने डोळे मिटले. अंधारात आधी त्याचे स्वतःचे रक्त वाजले. मग, दूर, एखाद्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर, ती सुरू झाली. कडा नसलेली, उगम न सांगणारी. हळूहळू जवळ येऊन त्याच्या डाव्या कानशिलाला स्पर्शून गेली. किती सुंदर होती ती! त्याने हात वर केला. पुन्हा शांतता. पुन्हा ती आली, यावेळी किंचित वरच्या पट्टीत, जणू ओळख पटल्यासारखी. त्याने हात वर केला. तिसऱ्या वेळी तर त्याला हसूच आले. काय बागुलबुवा उभा केला होता आपण सकाळपासून! त्याने हात वर करूनच डोळे उघडले. धाकटीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"सर," ती म्हणाली, "मी अजून काही लावलंच नाहीये."

मग तिने लावले. पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणारे हिरवे खांब उसळून वर गेले, आणि ते पाहताच झुळूक त्याला ऐकू आली. त्याने डोळे मिटले. खांब गेले, आणि त्यांच्याबरोबर तीही गेली. उघडे ठेवले की येत होती, मिटले की जात होती. एखाद्या मेलेल्या माणसाचे बोलणे आपण त्याच्या छायाचित्राकडे पाहताना ऐकतो, तसे तो कित्येक महिने हा आवाज ऐकत आला होता. आणि जे ऐकू येते आहे ते कानातून आत येते आहे की आतूनच उठते आहे, हे सांगणारी खूण माणसाजवळ कुठेच नसते, ही गोष्ट त्याला भयंकर वाटली. पुढे जाऊन त्याला असेही वाटले, की कदाचित सगळेच असे असेल. बायकोचे हसणे. पहाटेचे पक्षी. ते अजून येतात का? की तोच त्यांना रोज वाजवतो?

"मी म्हटलं होतं, सर," धाकटी म्हणत होती. तिचा स्वर मऊ होता आणि तिचे ओठ प्रत्येक शब्द जरा जास्तच नीट उच्चारत होते. "पहिल्याच बैठकीत म्हटलं होतं. वय झालेल्या माणसांना एवढं वरचं ऐकू येत नाही. खाली एक जाडसर पट्टी ठेवू या म्हणून." तिने म्हटले होते, हे खरे. तो म्हणाला होता, "जाडसर पट्टी ठेवली की गाडीची पिठाची गिरणी होते, पोरी." आणि विक्रीप्रमुख म्हणाला होता, "रस्त्यावर म्हातारे असतील. प्रदर्शनात नसतात." सगळे हसले होते. सगळ्यांत मोठ्याने कोण हसले होते, हे आता शोधून काढण्यात अर्थ नव्हता. "तुम्हाला केव्हापासून असं..." ती म्हणाली. "मला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला, आणि हे वाक्य त्याने किती मोठ्याने म्हटले ते तिच्या मागे सरकण्यावरून त्याला कळले.

त्याचे वडील इंजिनांच्या चाचणीच्या शेडमध्ये होते. तिथे नवी इंजिने पूर्ण जोरावर दिवसभर चालवत. कानात कापूस घालणे एवढाच काय तो बंदोबस्त. घरी येईपर्यंत वडिलांच्या कानांत इंजिने चालूच असत, आणि पुढे पुढे त्यांच्याशिवाय दुसरे काही उरले नाही. मग सारे घर ओरडून बोलायला शिकले. त्यांच्या घरातले भांडण कळायला शेजाऱ्यांना भिंतीशी यावे लागत नसे. उलट त्यांनाच डोक्यावर उशी घ्यावी लागे. कुठले गुपित म्हणून राहिले नाही. थोरल्या बहिणीच्या लग्नात काय बिनसले ते तिच्या सासरी कळायच्या आत सगळ्या गल्लीला पाठ होते. वडील रस्त्यावरून चालताना दर थोड्या पावलांनी मान मागे वळवीत, आधी एका खांद्यावरून, मग दुसऱ्या; अंगणात दाणे टिपणारा पक्षी बघतो तसे. लोकांना त्याचे हसू येई. शेवटी त्यांनी बाहेर पडणेच सोडले. खिडकीशी बसून ते रस्त्यावरची रहदारी पाहत, आणि कधीकधी म्हणत, "किती शांत झालंय रे सगळं आता." तो तेव्हा कॉलेजात होता. त्या किंचाळणाऱ्या घरात बसून त्याने ठरवले होते की आपण आवाजाचे काहीतरी शिकायचे. आणि ते का, याचे जे उत्तर तो मुलाखतींत देत आला, ते संगीतात सुरू होत असे आणि त्यात वडील कधी येत नसत.

विक्रीप्रमुखाला सगळे माघारी 'हर्षवायू' म्हणत. हा मनुष्य उत्साहाशिवाय दुसऱ्या कोणत्याच स्थितीत आढळत नसे. कोणाच्या अंत्यविधीलाही तो असा यायचा की जणू पुढच्या वेळची योजना तयार आहे. तो मंचाशेजारी एका फलकावरचे पान सरळ करीत होता. "कानसाहेब! या या! दुपारच्याला पाठ द्यायची ना? अध्यक्ष स्वतः येताहेत. बाहेरचे पाहुणे आहेत, दुभाषे आहेत. नुसता बार उडवायचा!" उत्तरादाखल त्याने आपले म्हणणे क्रमाने मांडले, जसे तो नेहमी मांडीत असे. यंत्राची मोजणी बरोबर आहे. पण यंत्र सगळ्याच पट्ट्या सारख्या ऐकते, माणूस ऐकत नाही. वयाबरोबर वरच्या पट्ट्या जातात. या आवाजात खालची पट्टी जवळजवळ नाही. तेव्हा पाठ देणे आज नको, गाड्या बाजारात सोडणे थोडे पुढे ढकलू, आपण आवाज बदलू. हर्षवायूने सगळे ऐकून घेतले. त्याचा चेहरा एखाद्या चांगल्या बातमीची वाट पाहणाऱ्याचाच राहिला.

"कोणी तक्रार केली?"

"तक्रार नाही. तक्रार करायला ऐकू यावं लागतं."

"वा! हे भारी आहे. हे लिहून ठेवा कुठेतरी." त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण मला सांगा, कानसाहेब, तुम्हाला ऐकू येतो ना?"

एका शब्दाचे उत्तर होते. ते जिभेपर्यंत आलेही. पण त्या शब्दाच्या पलीकडे काय आहे ते त्याला एकदम सबंध दिसले: त्याच्या टेबलावर धाकटी बसलेली, कारखान्यातली पोरे त्याला कोणत्या नव्या नावाने हाक मारावी यावर विनोद करणारी, घरात बायको दारे आपटून आपले येणे कळवणारी, आणि खिडकीशी एक खुर्ची. आणि याच्या अलीकडे? अलीकडे ही पांढरी गाडी, आणि तिच्यामागून कारखान्यातून निघायला तयार असलेल्या तशाच हजारो. प्रत्येकीच्या पोटात त्याची झुळूक. आणि कुठल्या तरी गल्लीत कोणीतरी दुकानातून निघालेला, दोन्ही हातांत पिशव्या असलेला, ज्याला मान वळवायची सवय अजून लागलेली नाही असा. या दोन चित्रांतून निवड करायची होती. ती कठीण नव्हती. असे प्रश्न त्याने वादसभांत चुटकीसरशी सोडवले असते.

"येतो," तो म्हणाला.

"मग अडचण कुठे आहे?" हर्षवायू म्हणाला, आणि पानाकडे वळला.

तो परत खोलीत आला. त्याच्या तोंडावरून धाकटीला सगळे समजले असावे. ती संगणकाच्या तारा गुंडाळू लागली. मग खाली पाहत आणि लगेच चूक लक्षात येऊन वर पाहत म्हणाली, "सर, मंच लाकडी आहे. फळ्यांचा. मी तुमच्या समोरच्या बाजूला, कडेला उभी राहीन. गाडी जवळ आली की मी पाय आपटीन. तुम्हाला खालून कळेल. कोणाला दिसणार नाही." हे ती ज्या कोवळेपणाने म्हणाली, तोच त्याला सोसला नाही. कारण हे त्याला माहीत होते. आई असेच करी. वडील जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचीत, आणि हाका मारून मारून दमलेली आई फरशीवर टाच आपटी, एकदा, जोरात. वडील दचकून मान वर करीत. त्यांच्या डोळ्यांत त्या क्षणी जे काही असे, ते लहानपणी त्याला मजेदार वाटे. एखाद्या जनावराला हाकताना काठी जमिनीवर आपटतात तसे ते होते, आणि तरी, आज त्याला वाटले, त्या घरात वडिलांच्या अंगापर्यंत पोचणारे तेवढेच एक बोलणे होते. "ठीक आहे," तो म्हणाला. "आपट." आणि मग, जणू तिने काही फाजील मागितले होते, "पण एकदाच."

दुपारी दालन माणसांनी भरले. गर्दीचा आवाज त्याला नीट ऐकू येत होता. तो सगळा खालच्या पट्टीतला होता, दूरवर चाललेल्या शेडसारखा. त्यातून कोणाचाही शब्द वेगळा निघत नव्हता. हर्षवायू ध्वनिक्षेपकावर बोलत होता. "ही गाडी धूर सोडत नाही. ही गाडी गुरगुरत नाही. हिने काही मागितलं आहे का तुमच्याकडून? फक्त थोडी शांतता!" टाळ्या पडल्या. दुभाष्यांनी सांगितल्यावर दुसऱ्या टाळ्या पडल्या. मग कानाची ओळख करून देण्यात आली. हिरव्या कापडाची, पान छापलेली पट्टी त्याच्या डोळ्यांवर बांधली गेली, कोणीतरी त्याचे खांदे धरून त्याला फिरवले, आणि तो गाडीला पाठ करून उभा राहिला.

अंधार होताच झुळूक आली. तिच्यावर त्याने विश्वास ठेवला नाही. ती पुन्हा आली, डावीकडून, अगदी खरी. त्याने तिला जाऊ दिले. ती येत राहिली. एकीवर एक, प्रेमळ, आर्जवी, दारात उभ्या राहिलेल्या नातलगांसारखी. आणि त्यांच्यापैकी एकही खरी नाही हे जाणून तो उभा होता. पाठ उघडी पडल्यासारखी वाटत होती. मानेच्या खालचा, दोन खांद्यांमधला तो तळहाताएवढा भाग, ज्याची एरवी माणसाला आठवणही नसते, तिथे आता त्याचे सारे आयुष्य गोळा झाले होते. आणि मग तळपायांना फळी लागली. धप्प. स्पष्ट, विनम्र, एकदाच.

हात वर करायचा होता. हाताला ते ठाऊक होते. त्याची बोटे हललीही. पण त्याच क्षणी, कुठल्याही तात्त्विक विचाराशिवाय, त्याला एवढेच वाटले की त्या पिशव्यावाल्यासाठी कोण पाय आपटणार आहे? सगळ्या रस्त्यांवर फळ्या नाहीत. प्रत्येकाच्या पुढे धाकटी उभी नाही. सकाळी जो शब्द जिभेवरून परत गेला होता, तो आता बोलायचा एकच मार्ग शिल्लक होता, आणि त्यासाठी काहीच करायचे नव्हते. हात त्याने मांडीला चिकटवून धरला. फळी पुन्हा वाजली, आता जोरात. पुन्हा. तिने दोन्ही पायांनी उडी मारली असावी. हर्षवायूचा आवाज वाक्याच्या मध्येच थांबला. गर्दीची घरघरही थांबली, आणि तेव्हा त्याला कळले की आपण चाचणीत नापास झालो, सगळ्यांच्या समोर, ठरल्याप्रमाणे. सुटल्यासारखे वाटले. मग पोटऱ्यांना काहीतरी लागले. अगदी हलके, मांजर अंग घासते तसे. आणि तिथेच थांबले.

गाडीने स्वतःच ब्रेक लावला होता. तीही तिची एक खुबी होती, फक्त पुढे जातानाची.

टाळ्यांचा गडगडाट आधी त्याला पायांतून कळला. त्याने पट्टी ओढून काढली. लोक उभे राहिले होते. हर्षवायू त्याला मिठी मारत होता आणि ध्वनिक्षेपक दोघांच्या छात्यांमध्ये अडकला होता. "विश्वास!" तो ओरडत होता. "याला म्हणतात विश्वास! हातसुद्धा वर केला नाही पठ्ठ्याने!" त्याने हर्षवायूकडून ध्वनिक्षेपक ओढून घेतला. धाकटी मंचाच्या कडेला उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटले, "मला ऐकू आला नाही. हा आवाज मला ऐकू येत नाही. माझ्यासारखे पुष्कळ असतील. त्यांनाही येणार नाही." आणि थांबला, कारण यापुढे सांगण्यासारखे काही नव्हते. सगळे इतके गप्प झाले की त्याला क्षणभर वाटले, पोचले.

हर्षवायूने त्याच्या हातातून ध्वनिक्षेपक हळूच सोडवून घेतला. "ऐकलंत?" तो म्हणाला, आणि त्याचा स्वर भक्तीने भरून आला होता. "ज्यांनी हा आवाज घडवला, ज्यांना सगळा धंदा 'कान' म्हणून ओळखतो, त्यांनासुद्धा आपली गाडी ऐकू आली नाही. इतकी शांत!" एक हास्याची लाट आली. दुभाष्यांचे सांगून झाल्यावर दुसरी आली, पहिलीपेक्षा मोठी. छायाचित्रकार पुढे घुसले. त्यांनी त्याला पुन्हा पट्टी हातात धरायला लावली, गाडीला टेकून उभे केले, जरा डावीकडे, जरा हसा. आणि तो हसला नाही तेव्हा त्यांनी त्याचा गंभीर चेहराच घेतला आणि तोच जास्त चांगला म्हणून एकमेकांना दाखवला. काही प्रेक्षक रांग लावू लागले होते. त्यांनाही पाठ द्यायची होती. एक मध्यमवयीन बाई पट्टी बांधून घेता घेता आपल्या नवऱ्याला काहीतरी सांगत होत्या आणि दोघे हसून बेजार झाले होते.

या गडबडीत अध्यक्ष मंचावर आले. ते हळू बोलणारे गृहस्थ होते. ज्यांचे म्हणणे सगळ्यांना ऐकूनच घ्यावे लागते, अशांना मोठ्याने बोलण्याचे कारण पडत नाही. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, त्याच्या कानाशी वाकून काहीतरी म्हटले, आणि मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिले. त्यांचे ओठ त्याला दिसले नव्हते. गडगडाटात तो प्रश्न होता की अभिनंदन, हेही त्याला कळले नाही. पण समोर एक सुसंस्कृत, प्रसन्न चेहरा उत्तराची वाट पाहत होता. अशा वेळी माणूस जे करतो ते त्याच्या मानेने त्याला न विचारता केले. त्याने स्मित केले आणि होकारार्थी मान डोलावली. अध्यक्षांनी समाधानाने त्याच्या पाठीवर थाप दिली आणि ते पायऱ्या उतरून, पाहुण्यांच्या घोळक्यासह, पुढच्या दालनाकडे निघाले.

अध्यक्ष बोलत असतानाच धाकटी गर्दीतून वाट काढीत त्यांच्या मागे येऊन पोचली होती. ती अगदी समोर उभी राहिली. त्याला तिचे ओठ दिसतील अशी.

"काय म्हणाले ते?" त्याने विचारले.

तिला सांगायचे नव्हते. तिने इकडेतिकडे पाहिले. "लोकांना शांतताच आवडली, असं म्हणाले. हा आवाजसुद्धा अजून निम्म्यावर आणता येईल का, म्हणून विचारत होते." मग ती थांबली. "तुम्ही हो म्हणालात, सर."

तो वळला. घोळका कमानीपर्यंत पोचला होता. अध्यक्षांची पांढरी मान पाहुण्यांच्या माना-खांद्यांमधून दिसत होती. "नाही!" तो ओरडला. किती मोठ्याने, ते त्याला कळायला मार्ग नव्हता. पण आसपासची सगळी तोंडे एकदम त्याच्याकडे वळली, एका बाईच्या हातातला पेला हिंदकळला, आणि त्यावरून त्याला अंदाज आला. "नाही! नाही म्हणतोय मी!" दूर कमानीखाली अध्यक्ष थांबले. त्यांनी वळून पाहिले, मंचावर हात उंच करून उभा असलेला आपला माणूस त्यांना दिसला, आणि त्यांनीही हसून, आपुलकीने, हात वर केला.